अतिनवतारा १९९३ जे आणि खोडदची रेडिओ दुर्बीण

बेळगाव-निपाणी परिसरातून मार्च-एप्रिलच्या रात्री उत्तरेकडे पाहिले असता सप्तर्षी सहज ओळखता येतात. त्यांतील पुलस्त्यापासून क्रतूपर्यंतची रेषा तेवढीच पुढे वाढविली की एम ८१ या सर्पिल दीर्घिकेचे स्थान मिळते. (या दोन ताऱ्यांची पाश्चात्त्य नावे, फेक्दा व दुभे, मूळची अरबी, अर्थ अनुक्रमे मांडी आणि अस्वल. भाषेच्या अध्यापकांनीही ही ओळख वर्गात करून द्यावी.)

इजिप्तच्या अली इब्न रिदवान यांनी १००६ मध्ये नोंदविलेला अतिनवतारा आपल्याच आकाशगंगेतील असल्याने नुसत्या डोळ्यांनी दिसला. एम ८१ मात्र सुमारे १.२ कोटी प्रकाशवर्षे दूर आहे. तेथील स्फोट २८ मार्च १९९३ रोजी स्पेनमधील एका हौशी निरीक्षकाने दुर्बिणीतून टिपला.

असा तारा काही महिन्यांत मंदावतो. पण त्याची रेडिओ कहाणी वर्षानुवर्षे चालू राहते. स्फोटाची आघातलहर ताऱ्याने पूर्वी बाहेर टाकलेल्या वायूवर आदळते, तेथे इलेक्ट्रॉन प्रचंड वेग घेतात आणि चुंबकीय क्षेत्रात फिरताना रेडिओ लहरी सोडतात. हे चुंबकीय क्षेत्र किती तीव्र, हा खरा प्रश्न होता. कणांची ऊर्जा व चुंबकीय ऊर्जा समान आहेत, असे गृहीत धरूनच बहुधा त्याचे उत्तर काढले जाई. गृहीतच चुकले तर उत्तरही चुकणार!

पुणे जिल्ह्यात नारायणगावजवळ खोडद येथे ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्यांची जायंट मीटरवेव्ह रेडिओ दुर्बीण आहे. ती कमी वारंवारतेच्या लहरी टिपते. पूनम चंद्रा, अलक रे व संजय भटनागर यांनी स्फोटानंतर सुमारे ३२०० दिवसांची तिची निरीक्षणे अमेरिकेतील व्हीएलए दुर्बिणीच्या उच्च वारंवारतेच्या निरीक्षणांशी जोडली. २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात असे दिसले की, एका विशिष्ट वारंवारतेपलीकडे तीव्रता अधिक झपाट्याने घसरते. जास्त ऊर्जेचे इलेक्ट्रॉन आपली ऊर्जा लवकर गमावतात, म्हणजे ते आधी 'म्हातारे' होतात. उच्च वारंवारतेच्या लहरी त्यांच्याच असल्याने तेथे आलेख वाकतो. तो कोठे वाकतो यावरून, ते जुने गृहीत न वापरता, चुंबकीय क्षेत्र काढता आले. ते सुमारे ०.३३ गाउस, म्हणजे पृथ्वीच्या पृष्ठभागावर होकायंत्राची सुई फिरविणाऱ्या क्षेत्राच्या जवळपासचे निघाले. दोन ऊर्जांची समानता तर आढळलीच नाही. चुंबकीय ऊर्जेचे पारडे कितीतरी जड होते.