दोन गुणांनी हंगाम जातो का?
घरात कॉलेजचं मूल असेल, तर मार्चमधले बास्केटबॉलचे वाद तुमच्या कानांवर पडतातच. नॉर्थ कॅरोलिनाचंच घ्या. एप्रिल २०२२ मध्ये हा संघ अंतिम सामना कॅन्ससकडून ७२-६९ असा हरला. पाचांपैकी चार मुख्य खेळाडू परतले, म्हणून पुढच्या हंगामाआधी त्याला पहिला क्रमांक मिळाला. नोव्हेंबरात अलाबामाविरुद्धचा सामना चार वेळा जादा वेळेत गेला आणि १०३-१०१ असा निसटला.

'तिथेच गाडी घसरली,' असं काही चाहते म्हणतात. मला ते पटत नाही. मार्च २०२३ च्या स्पर्धेतल्या ६८ संघांपैकी ३२ आपापली कॉन्फरन्स जिंकून आले, बाकीचे ३६ समितीने निवडले. कुणाला हरवलंत, कुठे हरवलंत, हे ती पाहते. तगड्या संघाला त्याच्या घरी हरवण्याचं मोल मोठं. अशा सर्वांत अवघड गटातल्या दहा सामन्यांत यांचा विजय एकच. अलाबामाला हरवलं असतं, तरी दोनच झाले असते!

एकूण २० विजय, १३ पराभव. समितीने वगळलं. १९८५ मध्ये स्पर्धा ६४ संघांची झाल्यापासून, अव्वल क्रमांकाने सुरुवात करून बाहेर राहिलेला हा पहिलाच संघ. मग दुय्यम 'एनआयटी' स्पर्धेत खेळायलाही त्याने नकार दिला. ते योग्य होतं का, हे तुमच्या मुलांना विचारून बघा.