काळ्या हिरड्यांवर लेझर: नेमकं काय होतं?

माझ्या हिरड्या लहानपणापासून काळपट आहेत, आईच्याही तशाच. बहिणीच्या लग्नाआधी दात क्लीन करायला गेलो, तर तिथे सांगितलं, "हिरड्याही गुलाबी करून घ्या, लेझरने एका बैठकीत होतं." का काळ्या आहेत, हे कुणी विचारलंच नाही. मी घरी आलो आणि आधी वाचत बसलो.

हा रंग मेलॅनिनचा, जो त्वचेला आणि केसांनाही रंग देतो. तो बनवणाऱ्या पेशी हिरडीच्या वरच्या पातळ थराच्या तळाशी असतात. त्यामुळे ब्रशने कितीही घासा, रंग जाणार नाही, हिरडी मात्र सोलवटेल.

दवाखान्यात बहुधा डायोड लेझर असतो. त्याचा प्रकाश साधारण 810 ते 980 नॅनोमीटरचा, डोळ्यांना न दिसणारा. मेलॅनिन आणि रक्तातलं हिमोग्लोबिन तो शोषून घेतात, उष्णता तयार होते, रंगीत थर निघतो आणि बारीक रक्तवाहिन्या तिथेच बंद होतात. म्हणून रक्त कमी येतं. गंमत म्हणजे बरेचदा फायबरचं टोक आधी रंगीत कागदावर टेकवून काळं करतात; मग ते टोकच तापतं आणि बरंचसं काम तेच करतं. एकाच जागी ते रेंगाळलं, तर खालच्या हाडालाही चटका बसू शकतो. अर्बियम लेझर (2940 नॅनोमीटर) पाण्यात शोषला जातो; त्याची उष्णता खोल जात नाही, पण रक्त थोडं जास्त येतं. दोन्हींत भूल देतात, आणि डोळ्यांना खास चष्मा हवाच, पेशंटलासुद्धा.

हिरडी एक-दोन आठवड्यांत भरते. पण रंग परत येऊ शकतो, कारण आजूबाजूच्या रंगपेशी हळूहळू तिथे सरकतात. सिगारेट चालू असेल तर विचारूच नका.

दुसऱ्या डॉक्टरांनी मला पहिलाच प्रश्न विचारला, "कधीपासून?" जन्मापासून आणि सगळीकडे सारखा असेल, तर तो आजार नाही. पण एखादा डाग नवीन असेल, वाढत असेल, किंवा हिरड्यांबरोबर त्वचाही काळवंडून थकवा येत असेल, तर आधी तपासणी. अ‍ॅडिसन नावाच्या आजारात असं होतं. मिनोसायक्लिनसारख्या औषधानेही रंग बदलतो. डाग आधीच जाळून टाकला, तर तपासायला उरणार काय?

मी फक्त क्लीनिंग केलं. तुम्हाला करायचंच असेल, तर लेझर कोणता आणि रंग परत आला तर पुन्हा पैसे घेणार का, हे खुर्चीत बसायच्या आधी विचारा.