जीपगाडीची उंची वाढविताना

डांबरी सडक आणि शेताकडची वाट यांत किती फरक असतो, हे तुम्हांला मी सांगायला नको. मृगाच्या दोन सरी पडल्या की विदर्भ-मराठवाड्याच्या काळ्या रानात गाडीची चाके रुततात आणि खोल चाकोऱ्या पडतात. मावळात आणि कोकणात चिखल त्या मानाने कमी, पण वाटेत दगडधोंडे आणि ओढे. अशा वाटांवर आता जुन्या जीपगाड्या, चारही चाकांना जोर मिळणाऱ्या नव्या गाड्या आणि पिकअप धावू लागल्या आहेत. त्यांबरोबर एक नवी टूमही आली आहे. पाट्यांखाली ठोकळे घालून किंवा नवे पाटे बसवून गाडी चार-सहा इंच उचलून घ्यायची. याला गॅरेजवाले 'लिफ्ट करणे' म्हणतात. शहरात ही हौस आहे. खेड्यात तिला थोडी गरजेची बाजूही आहे. ती का करावी, किती करावी, आणि करायचीच तर जिवाला धोका न होता कशी करावी, हे आज पाहू.

पहिली गोष्ट अशी, की गाडी उचलली म्हणजे सगळीच गाडी उचलली जाते असे नाही. गाडीचे दोन भाग कल्पा. चाके, त्यांना जोडणारा एक्सल आणि एक्सलच्या मधला तो डिफरन्शियलचा गोळा, हा खालचा भाग. चासी, इंजिन, बैठक आणि माल, हा वरचा. या दोहोंच्या मध्ये पाट्यांची कमान असते. पाट्यांची उंची वाढविली तर वरचा भाग वर जातो. गोळा होता तिथेच राहतो. तो उचलायचा तर एकच उपाय, चाक मोठे करणे. चाकाचा व्यास दोन इंचांनी वाढला, तर एक्सल एक इंच वर येतो. आपल्या बैलगाडीला छातीला लागेल एवढे मोठे चाक का होते, याचे उत्तर यातच आहे. तिला बहुधा कमानपाटे नसत, पण तिचा आस जमिनीपासून चांगला उंच असे, आणि चाकोरीमधला उंचवटा तिच्या पोटाला लागत नसे.

म्हणून तुमची गाडी नेमकी कुठे अडते, ते आधी पाहा. चाकोरीतून जाताना मधल्या वरंब्यावर गोळा टेकत असेल, तर नुसते पाटे उंच करून तुमचे पैसे चिखलात जातील. पण ओढ्याच्या दरडीवर चढताना पुढचा बंपर आधी टेकत असेल, किंवा बांध ओलांडताना पोट बांधावर बसत असेल, तर मात्र चासी उंच करण्याचा उपयोग आहे. हे एकदा गाडीखाली वाकून पाहिले, ओरखडे कुठे आहेत ते बोटाने चाचपले, की निम्मा निर्णय तिथेच होतो. कोणत्याही गॅरेजवाल्याच्या सल्ल्यापेक्षा ते ओरखडे जास्त खरे बोलतात.

आता उंचीची किंमत काय, ते पाहू. दोन बैलगाड्या घ्या. वजन दोहोंचे सारखेच. एकीत ज्वारीची पोती, दुसरीत उंच रचलेला कडबा. बांधाच्या तिरक्या उतारावर कोणती कलंडेल? लहान मूलही सांगेल, कडब्याची. वजन तेवढेच, पण त्याचा गुरुत्वमध्य वर गेला. जीपगाडीचेही तसेच आहे. हिशेबासाठी धरू, की गाडीच्या दोन्ही बाजूंच्या चाकांमधले अंतर ४८ इंच आणि गुरुत्वमध्य जमिनीपासून २४ इंचांवर. निम्मी रुंदी २४, उंचीही २४. म्हणजे कागदावर ही गाडी ४५ अंशांच्या तिरकेपणापर्यंत उभी राहील. गुरुत्वमध्य चार इंच वर गेला, की ही मर्यादा सुमारे साडेचाळीस अंशांवर येते. हा झाला कागद. प्रत्यक्षात उताराच्या बाजूचे पाटे दबतात, एखादा दगड वरचे चाक उचलतो, मागे चार माणसे उभी असतात; आणि गाडी या आकड्याच्या कितीतरी आधी जाते. वळणावर तर आणखी वेगळी गंमत आहे. गाडीला बाहेर लोटणारा झोक वेगाच्या वर्गाने वाढतो. वेग दुप्पट, झोक चौपट. शिक्षकांनी वर्गात काड्यापेटी पाटीवर आधी आडवी आणि मग उभी ठेवून पाटी हळूहळू तिरकी करावी. पेटी घसरू नये म्हणून तिच्या खालच्या कडेशी एक पट्टी धरावी. मुलांना सूत्र न सांगताही ते कळते.

एवढ्यासाठीच माझे मत असे, की शेतवाटेच्या कामाला दीड-दोन इंचांची वाढ आणि चिखलाचे चांगले टायर पुरेत. सहा इंच उचललेल्या गाडीत घरातली म्हातारी माणसे चढायची कशी, हाही प्रश्न कोणी विचारीत नाही.

कायद्याचे काय? १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमाप्रमाणे नोंदणीपुस्तकातल्या मूळ तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल मालकाला करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयानेही २०१९ साली केरळातून आलेल्या एका खटल्यात हेच बजावले. त्याच वर्षी कायद्यात जी दुरुस्ती झाली, तिच्याप्रमाणे न चालणाऱ्या प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकते. अपघात झाला तर विमा कंपनी हरकत घेईल ती वेगळीच. तेव्हा सामान विकत घेण्यापूर्वी परिवहन कार्यालयात जावे, काय करायचे आहे ते लिहून द्यावे आणि उत्तरही लेखी घ्यावे. तोंडी 'चालतं हो' याला कचेरीत अर्थ नसतो.

आता उंची वाढविण्याच्या तऱ्हा. सर्वांत स्वस्त म्हणजे एक्सल आणि पाटे यांच्यामध्ये लोखंडी ठोकळा. मागच्या एक्सलला योग्य मापाचा, एकसंध ठोकळा चालतो. एकावर एक दोन रचू नयेत. आणि पुढच्या एक्सलला तो कधीही घालू नये. ब्रेक दाबताच गाडीचा भार पुढे येतो आणि एक्सल स्वतःभोवती फिरू पाहतो. ठोकळा त्याच्या हाती आयती तरफ देतो. तो निसटला, तर स्टिअरिंग तुमच्या हातात राहते, पण चाके नाहीत. दुसरी तऱ्हा म्हणजे शॅकल लांब करणे. ती दोन इंच लांब केली तर गाडी एकच इंच उठते, आणि त्याबरोबर एक्सल थोडा पुढे-मागे कलतो. सायकलचा पुढचा चिमटा तिरका असतो म्हणून हात सोडला तरी ती सरळ जाते. मोटारीच्या पुढच्या चाकांनाही असाच कल दिलेला असतो. तो बिघडला की गाडी सडकेवर भरकटते. तिसरी तऱ्हा, संचात एक जादा पाटा घालणे. भार ओढणाऱ्या गाडीला ती बरी, रिकामी गाडी मात्र उडते. जुन्या विलीज धाटणीच्या जीपमध्ये पाटे एक्सलच्या खाली असतात. ते वर घेतले की गाडी चार-पाच इंच एकदम उठते. पण त्याला एक्सलवर नव्या बैठका वेल्ड कराव्या लागतात, स्टिअरिंगचे दांडे बदलावे लागतात. ते घरच्या अंगणातले काम नव्हे. सर्वांत बरी तऱ्हा म्हणजे त्या गाडीसाठीच तयार केलेला, जास्त कमानीच्या पाट्यांचा पुरा संच, त्याला जुळणाऱ्या शॉकॲब्सॉर्बरसह.

आणखी एक तऱ्हा आहे, ती मुद्दाम सांगतो, कारण ती आपल्याकडे सर्रास चालते. जुने पाटे गॅसने लाल करायचे आणि ठोकून कमान वाढवायची. पाट्याचे पोलाद कारखान्यात पाणी देऊन, मग बेताने पुन्हा तापवून तयार केलेले असते. त्याची लवचीकता त्या क्रियेत आहे. लाल करून हवेत थंड केले तर पाटा मऊ पडतो आणि महिन्यात बसतो. लाल करून पाण्यात बुडविले तर काचेसारखा ठिसूळ होतो आणि भर उतारावर तुटतो. विळा-कुऱ्हाडीला पाणी देणाऱ्या लोहाराला हे उत्तम माहीत असते, त्यालाच विचारा. त्याच कारणासाठी पाट्यावर वेल्डिंगची एक ठिणगीसुद्धा पडू देऊ नये.

प्रत्यक्ष कामाला बसण्यापूर्वी चारही चाकांच्या मध्यापासून वरच्या पत्र्याच्या कडेपर्यंतचे अंतर मोजून वहीत लिहा. गाडी आधीच एका अंगाला कलली असेल तर ते दोष नव्या पाट्यांच्या माथी जाऊ नयेत. मग सपाट, कठीण जमीन. शेणाने सारवलेले अंगण नको. जॅक त्यात रुततो. जमिनीवर राहणाऱ्या चाकांना दोन्ही बाजूंनी दगड लावा. गाडी जॅकने उचला आणि चासीखाली लोखंडी घोड्या लावा. जॅक हे उचलण्याचे साधन आहे, धरून ठेवण्याचे नव्हे. विटा तर मुळीच नकोत. वीट तडकते ती सांगून तडकत नाही. घोड्या लावल्यावर गाडीला हाताने चांगला हिसका द्या. ती डुलली तर खाली जाऊ नका. डुलली नाही तरी काढलेली चाके चासीखाली आडवी सरकवून ठेवा, आणि एकट्याने काम करू नका.

आता दुसरा जॅक एक्सलखाली द्या, मगच यू-बोल्ट सोडा. असे केले नाही तर एक्सल खाली पडतो आणि त्याचा सगळा भार ब्रेकच्या रबरी नळीवर येतो. ही नळी चासी आणि एक्सल यांच्यामध्ये लोंबत असते. गाडी उंच केल्यावर तिला लांबी कमी पडते, आणि हा सगळ्या कामातला सर्वांत जीवघेणा भाग आहे. सपाट जमिनीवर नळी ठीक दिसते. चाक खड्ड्यात लोंबले की ताणते, आणि एके दिवशी तुटते. तुटल्यावर ब्रेकचे तेल जाते. म्हणून काम संपल्यावर एक्सल पुरा खाली लोंबू द्यावा, पुढची चाके दोन्ही बाजूंना शेवटपर्यंत वळवावीत आणि प्रत्येक नळीला ढील आहे की नाही ते हाताने पाहावे. नसेल तर लांब नळ्या बसवून ब्रेकमधली हवा काढून टाकावी.

अनेक पिकअपगाड्यांत मागच्या एक्सलजवळ एक लहानसा दांडा असलेली झडप असते. माल भरला की चासी दबते, दांडा हलतो आणि मागच्या ब्रेकला जास्त दाब मिळतो. गाडी उचलली की या झडपेला वाटते गाडी रिकामीच आहे. वर कांद्याची पोती आणि मागचा ब्रेक निम्माशिम्मा, असा प्रकार होतो. ही झडप जुळवायचे काम माहीतगार माणसाकडूनच करून घ्यावे.

पाटे बसविताना मधल्या बोल्टचे डोके एक्सलच्या बैठकीतल्या भोकात नीट बसले पाहिजे. नाहीतर एक्सल तिरका राहतो. जुने यू-बोल्ट पुन्हा वापरू नयेत. ते एकदा ताणलेले असतात, त्यांचे आटे थकलेले असतात. नवे बोल्ट एकदम न आवळता फुलीच्या क्रमाने, थोडे थोडे, कंपनीच्या पुस्तकातल्या आकड्याइतके, मोजमापाच्या पान्यानेच आवळावेत. पाट्याच्या डोळ्यांतले रबरी बुशाचे बोल्ट मात्र आधी सैलच ठेवावेत. गाडी चाकांवर उतरवून, तिचा भार पाट्यांवर आला, मगच ते कसावेत. लोंबत्या स्थितीत कसले तर रबर पिळलेले राहते आणि लवकर फाटते.

शॉकॲब्सॉर्बर जुनेच ठेवले तर ते आखूड पडतात आणि लोंबणाऱ्या एक्सलचा भार त्यांच्यावर येतो. प्रोपेलर शाफ्टचे दोन्ही क्रॉस जास्त तिरके चालू लागतात, आणि शाफ्टचा सरकता सांधा बाहेर ओढला जातो; एक्सल लोंबत असताना तोही पाहून घ्यावा. स्टिअरिंगचा दांडा तिरका झाला, की प्रत्येक खड्ड्यात स्टिअरिंग आपोआप खेचले जाते. त्यासाठी योग्य मापाचा तयार भाग मिळतो. दांडा तापवून वाकवू नये. टायर मोठे घातले असतील तर वेगाचा काटा कमी दाखवितो. २८ इंचांच्या जागी ३० इंचांचे टायर असले आणि काटा ५६ दाखवीत असला, तर गाडी खरी ६० च्या वेगाने चाललेली असते.

पहिली चाचणी मोकळ्या मैदानात, हळू, माणसे न बसविता. ब्रेक दाबून पाहा, गाडी एका बाजूला ओढते का पाहा. मग चाकांची अलाइनमेंट. शंभर किलोमीटर झाल्यावर आणि पुन्हा पाचशेवर सगळे यू-बोल्ट पान्याने तपासा. नवे पाटे बसतात तसे ते थोडे सैल पडतात.

राहिले दिवे. गाडी उचलली की दिवेही उचलले जातात आणि त्यांचा झोत समोरच्या सायकलस्वाराच्या डोळ्यांवर जातो. गाडी सपाट जागी भिंतीपासून पंचवीस फुटांवर उभी करा. दिव्याच्या मध्याची उंची भिंतीवर खडूने आखा. खालच्या झोताची वरची कड त्या रेघेच्या निदान तीन इंच खाली आली पाहिजे. तशी येईपर्यंत दिव्याचे स्क्रू फिरवा. मग मागे पोती भरून पुन्हा एकदा पाहा, कारण मागचे पाटे दबले की गाडीचे नाक वर होते आणि झोत रेघेच्या वर चढतो.