रस्त्यावरील खड्डा : त्याचें कारण आणि निवारण

मृगाचे पहिले चार मोठे पाऊस झाले कीं पुण्यामुंबईसारख्या शहरांत घरोघरीं एक विषय हटकून निघतो, व तो म्हणजे रस्त्यांवरील खड्ड्यांचा. दुचाकीवरून कचेरीला जाणारा कारकून, रिक्षांतून शाळेला निघालेलीं मुलें, रुग्णाला घेऊन धांवणारी गाडी, या सर्वांना त्याचा सारखाच जाच. कंत्राटदाराच्या नांवानें बोटें मोडावीं, नगरपालिकेला चार शब्द सुनवावे आणि दिवाळीच्या सुमारास सारें विसरून जावें, असा क्रम वर्षानुवर्षें चालत आला आहे. हा संताप निराधार आहे असें कोणीहि म्हणणार नाहीं. केंद्र सरकारच्या रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालाप्रमाणें २०२२ या एका सालांत देशांत खड्ड्यांमुळें ४,४४६ अपघात घडले आणि त्यांत १,८५६ माणसें प्राणांस मुकलीं. तेव्हां हा केवळ गैरसोयीचा प्रश्न नव्हे. परंतु संतापाचें कांहीं फळ पदरांत पडावयाचें असेल, तर तो योग्य वेळीं आणि योग्य जागीं प्रकट झाला पाहिजे. आणि त्यासाठीं खड्डा मुळांत पडतो कसा, हें आधीं समजून घेतलें पाहिजे.

रस्ता म्हणजे वर दिसणारा काळा थर, अशी सामान्य समजूत असते. वस्तुतः तो थर हें रस्त्याचें छप्पर होय. रस्त्याचें खरें बळ त्याच्या खालीं असतें. ही गोष्ट जॉन लौडन मॅकॅडम (१७५६–१८३६) या स्कॉटलंडच्या गृहस्थानें फार चांगली ओळखली होती. १८१६ सालीं इंग्लंडांतील ब्रिस्टल येथील रस्त्यांची देखरेख त्याच्याकडे आली. त्याचें म्हणणें थोडक्यांत असें कीं, गाड्यांचा भार शेवटीं खालची जमीनच वाहते, आणि जोंवर ती कोरडी असते तोंवर ती तो सुखानें वाहते. म्हणून त्यानें रस्ता भोंवतालच्या जमिनीपेक्षां उंच केला, हातानें फोडलेल्या बारीक खडीचे थर एकावर एक दाबून बसविले, आणि पाणी वर न थांबतां दोन्ही कडांना वाहून जावें असा उतार दिला. खडीच्या रस्त्याला इंजिनियर लोक अद्यापि 'मॅकॅडम' असेंच म्हणतात. पुढें त्या खडीवर डांबराचें आवरण आलें. ज्याला बोलतांना सरसकट डांबर म्हणतात, तें पूर्वीं दगडी कोळशापासून काढीत. आज वापरांत असतें तें खनिज तेल शुद्ध करतांना मागें उरणारें बिट्युमेन होय. खडे एकमेकांस चिकटवून ठेवणें आणि वरचें पाणी खालीं जाऊं न देणें, हीं त्याचीं दोन कामें.

आतां हें आवरण जन्मभर नव्यासारखें राहत नाहीं. ऊन आणि हवा यांच्या योगानें डांबर हळूहळू कडक होतें, त्याची लवचिकता जाते, आणि वाहनांच्या दाबाखालीं त्यास केसासारख्या बारीक चिरा पडतात. उन्हाळ्यांत त्या कोणाच्या डोळ्यांस दिसतहि नाहींत. पाऊस लागला कीं त्या चिरांतून पाणी आंत शिरतें. वरून जाणारें प्रत्येक चाक त्या कोंडलेल्या पाण्याला दाबतें, आणि पिचकारीचा दट्ट्या दाबावा त्याप्रमाणें तें पाणी वेगानें इकडेतिकडे पळतें. पळतांना तें खड्यांवरील डांबराचा लेप सोलून काढतें व खालची बारीक माती बरोबर घेऊन वर येतें. असें हजारों वेळां झालें म्हणजे काळा थर वरून शाबूत पण खालून पोकळ, अशी अवस्था होते. मग एखाद्या जड गाडीच्या चाकाखालीं तो तुकडा खचतो. एकदां खळगा झाला कीं त्यांत पाणी सांचतें, चाक त्याच्या कडेवर आदळतें, कड ढांसळते, आणि सोमवारीं वाटीएवढा असलेला खड्डा रविवारपर्यंत घमेल्याएवढा होतो.

दख्खनच्या पठारावर याला आणखी एका गोष्टीची जोड मिळते. येथील काळी माती पाण्यानें फुगते व उन्हानें आकसते. उन्हाळ्यांत शेतांत पडणाऱ्या भेगा ज्यांनीं पाहिल्या असतील, त्यांना या मातीवर नीट पाया न घालतां रस्ता केला तर त्याची काय दशा होईल, हें निराळें सांगावयास नको.

वाहनांच्या वजनाचा परिणामहि लोकांच्या कल्पनेपेक्षां फार मोठा असतो. अमेरिकेंतील इलिनॉय राज्यांत ओटावा या गांवाजवळ १९५८ ते १९६० या काळांत मुद्दाम रस्ते बांधून त्यांवर भरलेल्या मालमोटारी सतत चालविण्यांत आल्या. त्या प्रयोगावरून असें आढळलें कीं, आंसावरील भार दुप्पट केला तर रस्त्याची झीज दुप्पट न होतां सुमारें सोळापट होते. अर्थात् शंभर स्कूटरींनीं जें होणार नाहीं, तें प्रमाणाबाहेर भरलेली वाळूची एक मालमोटार करून जाते.

असें असलें तरी वजन आणि ऊन हीं टाळतां येण्यासारखीं नाहींत. पाणी मात्र अडवितां येतें. तें रस्त्यांत शिरतें त्याच्या वाटा ठरलेल्या आहेत. पहिली वाट सपाट पृष्ठभागाची. डांबरी रस्त्याला मध्यापासून कडेकडे दर मीटरास सुमारें दोन सेंटिमीटर उतार असावा लागतो. जुन्या थरावर नवा थर चढवितांना हा उतार बिघडला, किंवा रस्ता उंच होऊन गटाराचें तोंड बुजलें, तर पाणी जागच्या जागीं मुरतें. दुसरी वाट खोदाईची. नळ, सांडपाणी, वीज, तारा यांसाठीं रस्त्यांत चर खणले जातात. चर भरतांना माती थोडीथोडी घालून, प्रत्येक थर ओलावून व धुमसून बसवावा लागतो. तसें न करतां सारी माती एकदम लोटून वरून डांबर फांसलें, तर पहिल्याच पावसांत ती माती खालीं बसते आणि चराच्या रेषेंतच रस्ता खचतो. तिसरी वाट दुर्दैवानें दुरुस्तीचीच आहे.

दुरुस्तीची शास्त्रीय रीत कांहीं गुप्त विद्या नव्हे. खड्ड्याच्या कडा सरळ उभ्या कापून चौकोन करावा, आंतील सैल माल व धूळ झाडून काढावी, पाणी पुसून जागा कोरडी करावी, पातळ डांबराचा हात द्यावा, मग गरम मिश्रण भरून रोलरनें दाबावें व कडा बंद कराव्या. धुळीच्या भिंतीवर चुना धरत नाहीं, तसें धुळीच्या खड्यावर डांबरहि धरत नाहीं. हें मिश्रण यंत्रांत सुमारें १५० अंश सेल्सिअसपर्यंत तापवून तयार होतें. तें गरम आहे तोंवरच नीट दाबलें जातें. भर पावसांत, पाण्यानें भरलेल्या खड्ड्यांत तें ओतलें तर काय होणार हें उघड आहे. मग मुरूम टाकणें, फरशीचे ठोकळे बसविणें, असले उपाय सुरू होतात. आणि त्या ठोकळ्यांच्या सांध्यांतून पाणी पुन्हां आंत जातें. थोडक्यांत, पावसाळ्यांत केलेली दुरुस्ती ही बहुधा वरातीमागून घोडेंच ठरते.

चांगला रस्ता या हवेंत होतच नाहीं, अशी समजूत असेल तर तिला पुण्यांतच उत्तर आहे. तेथील जंगली महाराज रस्ता मुंबईच्या एका कंपनीनें १९७० नंतरच्या दशकांत बांधला. १९७६ सालीं तो पुरा झाला. खडी व डांबर यांचें मिश्रण यंत्रांत तापवून तें काम झालें होतें, आणि त्या कंपनीनें दहा वर्षांची हमी लिहून दिली होती. हमीची मुदत संपल्यावरहि कित्येक पावसाळे त्या रस्त्यानें खड्ड्यांवांचून काढले, ही गोष्ट पुणेकर आजहि अभिमानानें सांगतात. शहर तेंच, पाऊस तोच. फरक काय तो कामाचा, आणि काम करणाऱ्यावर असलेल्या जबाबदारीचा.

ही जबाबदारी कायद्यानेंहि सांगितलेली आहे. १८८८ च्या मुंबई महानगरपालिका अधिनियमांतील ६१ व्या कलमानें सार्वजनिक रस्ते बांधणें व सुस्थितींत राखणें हें पालिकेचें बंधनकारक कर्तव्य ठरविलें. ऑक्टोबर २०२५ मध्यें तर मुंबई उच्च न्यायालयानें सुरक्षित रस्ता हा राज्यघटनेच्या २१ व्या अनुच्छेदांतील जीविताच्या हक्काचाच भाग मानून, खड्ड्यामुळें मृत्यु झाल्यास वारसांना ६ लाख रुपये, आणि इजा झाल्यास तिच्या मानानें ५० हजारांपासून अडीच लाखांपर्यंत भरपाई देण्याचा आदेश दिला. गेलेला माणूस पैशानें परत येत नाहीं. पण खड्डा ही दैवी आपत्ति नसून कोणाची तरी चूक आहे, हें या आदेशानें स्पष्ट झालें.

नागरिकानें काय करावें, याचेंहि उत्तर यांतूनच निघतें. खड्ड्याची तक्रार जुलैंत करावीच, परंतु रस्त्याची चौकशी जानेवारींत करावी. आपल्या गल्लींत नवा थर पडत असतां पाण्याला उतार कोणीकडे दिला, गटाराचें तोंड मोकळें राहिलें कीं नाहीं, दोषदुरुस्तीची जबाबदारी कंत्राटदारावर किती वर्षें आहे, हें विचारण्याचा त्यास पूर्ण अधिकार आहे. चर बुजवितांना माती धुमसली जाते कीं नुसती लोटली जाते, हें पाहण्यास इंजिनियर असावें लागत नाहीं. त्याचबरोबर स्वतःच्या दाराकडेहि पाहिलें पाहिजे. गाडी आंत घेण्यासाठीं गटारावर बांधलेला उंचवटा, गटारांत टाकलेला केरकचरा, रस्त्यावर रोज सोडलेलें धुण्याचें पाणी, हीं सर्व त्याच पाण्याला रस्त्यांत शिरण्याचें आमंत्रण देतात.

मॅकॅडमनें दोनशें वर्षांपूर्वीं सांगितलें तें आजहि तितकेंच खरें आहे. जमीन कोरडी राहिली तर रस्ता राहील. ती कोरडी ठेवण्याचें काम मात्र पाऊस येण्यापूर्वीं उरकलें पाहिजे.