विश्लेषण : गोठवलेल्या फळांत लपलेला विषाणू कसा शोधतात?

फ्रीझरमध्ये ठेवलेले फळ सुरक्षित, असा सर्वसाधारण समज आहे. हिंगोली, वसमत, कळमनुरीतही ज्यूस, मिल्कशेक, रबडीसाठी गोठवलेला गर वापरला जातो. मात्र थंडीने जीवाणूंची वाढ थांबते. विषाणू टिकून राहतात.

धोका कोणता?
कावीळ करणारा हिपॅटायटिस ‘ए’ आणि उलट्या-जुलाब घडवणारा नोरोव्हायरस हे यातील मुख्य विषाणू. ते फळावर वाढत नाहीत. मैलामिश्रित पाणी किंवा न धुतलेल्या हातांवाटे ते फळापर्यंत पोहोचतात. नोरोव्हायरसचे अगदी थोडे कणही आजारासाठी पुरतात.

असे कुठे घडले?
२०१२मध्ये जर्मनीत चीनमधून आलेल्या गोठवलेल्या स्ट्रॉबेरीमुळे सुमारे ११ हजार जण आजारी पडले. त्यात बहुतेक शाळकरी मुले होती. २०१३मध्ये अमेरिकेत गोठवलेल्या फळांच्या मिश्रणातून १६०हून अधिक जणांना कावीळ झाली. तपासात बोट गेले तुर्कस्तानातील डाळिंबाच्या दाण्यांकडे. डाळिंब उत्पादनात आघाडीवर असलेल्या महाराष्ट्रासाठी ही बाब महत्त्वाची आहे.

चाचणी कशी होते?
यासाठी ‘आयएसओ १५२१६’ ही आंतरराष्ट्रीय पद्धत आहे. २५ ग्रॅम फळ अल्कधर्मी द्रावणात हलवून विषाणू सुटे केले जातात. फळातील पेक्टिनमुळे द्रावण घट्ट होऊ नये म्हणून पेक्टिनेज हे विकर घालतात. नंतर विषाणू एकवटून त्यांचा आरएनए वेगळा काढतात आणि करोनाकाळात परिचित झालेली आरटी-पीसीआर चाचणी करतात.

फळातील घटक या चाचणीत अडथळा आणतात. म्हणून सुरुवातीलाच एक वेगळा, निरुपद्रवी विषाणू ठरावीक प्रमाणात मिसळला जातो. त्यापैकी किमान १ टक्का परत सापडला, तरच निकाल ग्राह्य धरतात.

मर्यादा काय?
विषाणू मालात सर्वत्र सारखे पसरलेले नसतात. त्यामुळे २५ ग्रॅममध्ये काही सापडले नाही, म्हणून अख्खा माल निर्धोक ठरत नाही. आरएनए सापडला, तरी विषाणू जिवंत आहे की मृत, हे कळत नाही. ई-कोलायसारख्या जीवाणूंची चाचणी स्वच्छ आली, तरी विषाणू असू शकतो. शिवाय हिपॅटायटिस ‘ए’ची लक्षणे १५ ते ५० दिवसांनी दिसतात, तोवर फळ संपलेले असते.

मग उपाय काय?
खरा बंदोबस्त शेतात आणि गर काढण्याच्या जागीच करावा लागतो. सीताफळाचा गर, डाळिंबाचे दाणे हाताने काढले जातात. तिथे साबण, स्वच्छ पाणी आणि जवळ शौचालय हवे. जुलाब किंवा कावीळ झालेल्या मजुराला रोजंदारी न कापता सुट्टी देणे, हा सर्वांत स्वस्त उपाय आहे.

ग्राहकांनी ताजी फळे वाहत्या पाण्यात धुऊन खावीत. त्याने विषाणू कमी होतात, पूर्ण जात नाहीत. गोठवलेला गर लहान मुले, वृद्ध व गर्भवतींना देण्यापूर्वी एक-दोन मिनिटे उकळावा. हिपॅटायटिस ‘ए’वर लसही उपलब्ध आहे.