दुर्बिणीची बैठक कशी निवडावी?



मी युनियनचा माणूस. शाळा सातवीतच सुटली. आकाश शिकलो ते वाचनालयातल्या पुस्तकांवर. तेव्हा आज पांडित्य नव्हे, वर्गणीच्या पैशाचा हिशेब सांगणार आहे. आम्ही कामगारांच्या मुलांसाठी दुर्बीण घेतली. आरसा उत्तम होता. बैठक मात्र लटपटती. अलिबागच्या किनाऱ्यावर वारा सुटला की शनी नाचू लागे, आणि रांगेतली पोरे हिरमुसून घरी जात. पैसा घामाचा होता, म्हणून मी या विषयाच्या मागे लागलो.

पृथ्वी २३ तास ५६ मिनिटांत स्वतःभोवती फिरते; म्हणजे आकाश ताशी सुमारे १५ अंश सरकते. शंभर पट मोठे दाखविताना दुर्बिणीत साधारण अर्धा अंश आकाश मावते. खगोलीय विषुववृत्तावरचा तारा ते दोन मिनिटांत ओलांडतो. त्याच्यामागे दुर्बीण न हादरता नेणे, हे बैठकीचे काम.

बैठकी मुख्यतः दोन जातींच्या. विषुववृत्तीय बैठकीचा एक अक्ष ध्रुवाकडे रोखतात. मग तेवढाच फिरविला की तारा टिकतो. पण अलिबागचा अक्षांश सुमारे १८.६. ध्रुवतारा तेवढाच वर असतो, आणि माडांआड वा दमट धुरकटीत हरवतो. काही बैठकी इतक्या खाली वाकतही नाहीत. घेण्यापूर्वी ते तपासावे. उत्तर दिशा होकायंत्राने काढता येते, मात्र ते लोखंडापासून दूर धरावे. मुंबईत विजेच्या ट्राम येणार म्हणूनच कुलाब्याचे चुंबकीय वेध १९०४ साली अलिबागेस आले, हे आपण जाणताच.

दुसरी बैठक वर-खाली आणि आडवी फिरते. रामकृष्ण संघाच्या अमेरिकेतील मठात अनेक वर्षे राहिलेल्या जॉन डॉबसन यांनी ती प्लायवूडची, स्वस्त आणि भक्कम करून रस्त्यावरच्या माणसाला आकाश दाखविले. नुसत्या डोळ्यांनी पाहणाऱ्यास ही पुरते. दीर्घकाळ छायाचित्रे घेणाऱ्याची गरज वेगळी.

आता नियंत्रक. तो मोटारींकरवी तारा शोधतो व धरून ठेवतो. मोठ्या रांगेस ही सोय खरी. पण त्यास तारीख, वेळ व स्थळ अचूक द्यावे लागते. काहींत महिना आधी व दिवस नंतर लिहितात. आपली वेळ ग्रिनिचपुढे साडेपाच तास. तिथे नुसते पाच भरले तर अर्ध्या तासाची, म्हणजे साडेसात अंशांची चूक! शिवाय बॅटरी संपली तरी हाताने फिरविता येते का, हे दुकानातच विचारावे.

शेवटी एक परीक्षा. दुर्बीण चढवून नळीवर हलकी टिचकी मारा आणि चित्र स्थिर होईपर्यंत आकडे मोजा. दोन-तीन सेकंदांत थांबले तर घ्या. पाच-सहा सेकंद थरथरत राहिले तर परत करा. पैसे थोडे असतील तर आधी भक्कम बैठक घ्यावी, नियंत्रक मागाहून. आम्ही उलट केले, आणि त्याचे मोल पोरांनी भरले.