कवटीत वंश सापडला नाही

भारतीय मानववंशशास्त्रज्ञ इरावती कर्वे १९२०च्या दशकाच्या अखेरीस बर्लिनला शिकायला गेल्या. त्यांचे मार्गदर्शक ऑयगेन फिशर हे वंशश्रेष्ठत्व मानणारे मानववंशशास्त्रज्ञ होते. माणसाच्या कवटीच्या दोन बाजू हुबेहूब सारख्या नसतात. हा फरक गोऱ्यांत अधिक असतो आणि त्यातून त्यांची बुद्धी दिसते, अशी फिशर यांची अटकळ होती. इरावतीबाईंनी १४९ कवट्या मोजल्या. त्यांतल्या काही पूर्व आफ्रिकेतल्या जर्मन वसाहतीतून आणलेल्या होत्या. त्या माणसांची संमती कोणी घेतली होती? मोजमापांत वंशागणिक फरक आढळला नाही आणि बाईंनी तसेच लिहिले. गुरूच्याच संस्थेत बसून हे लिहायला धैर्य लागते.

पुढे १९७२ साली जनुकशास्त्रज्ञ रिचर्ड लेवॉन्टिन यांनी रक्तगट आणि रक्तातल्या प्रथिनांची माहिती तपासली. माणसामाणसांतल्या जनुकीय विविधतेपैकी सुमारे ८५ टक्के एकाच लोकसमूहाच्या आत सापडते, असे दिसले. समूहासमूहांत फरक नसतातच असे नाही. महाराष्ट्रात सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार काही आदिवासी आणि दलित समाजांत अधिक आढळतो, म्हणून तपासणी तिथे आधी पोचायला हवी. पण जोखीम जनुकात असते, जातीच्या नावात नाही. आजाराचा शिक्का जातीवर बसून मुलीच्या लग्नाच्या बोलणीपर्यंत पोचला, तर विज्ञानानेच इजा केली असे होईल.

संमतीचा प्रश्न आजही आहे. उद्या तुमच्या गावात कोणी संशोधनासाठी रक्ताचा नमुना मागितला, तर तो कशासाठी हवा आणि कुठे ठेवणार, हे मराठीत विचारा. नाही म्हणण्याचा आणि दिलेली संमती मागे घेण्याचा हक्क तुम्हाला आहे.